हलक्या हाताच्या तारा

नाताळ उरकला की आमच्या अंधेरीच्या गावठाणात बांबू येतात. हातगाडीवरून येतात, गल्लीत वळत नाहीत, मग दोन माणसं पुढे, दोन मागे आणि मधे शिव्या. कुणाच्या तरी अंगणात खड्डे खणतात, वर झावळ्या चढतात, झावळ्यांखाली रंगीत कागदाच्या झालरी. ह्या दिवसांत हवेला जरा धार असते. तबेल्यांवरचा धूर वर जायला कंटाळतो, खालीच रेंगाळतो, आणि त्यात कुठूनतरी फुग्यांचा वास मिसळतो. फुगे म्हणजे पोरांचे नव्हेत. आंबवलेल्या पिठाचे, तेलात टम्म फुगणारे गोल गोळे, ख्रिस्ती लोकांच्या लग्नात असतात ते. तो वास आला की अख्ख्या गावठाणाला आनंद होतो आणि माझा उजवा खांदा दुखायला लागतो.

कारण मी बँडवाला. ह्या लोकांची लग्नं नाताळापासून लेंटच्या उपासापर्यंत. उपास लागले की लग्न नाही, नाच नाही. म्हणून सगळ्यांना ह्याच दिवसांत घाई. आज अंधेरी, उद्या कुर्ला, परवा खाडीपलीकडे मनोरी. नवरानवरी बदलतात, केक बदलतो, आम्ही तेच. तोच काळा कोट. बगलेत उसवलेला. बायको म्हणते, शिवून देते. मी म्हणतो, राहू दे, तिथूनच वारा येतो.

यंदाही बांबू आले आणि मी पेटीतून गिटार काढून मांडीवर घेऊन बसलोय. तारा काळ्या पडल्यात. जुन्या चांदीच्या पैंजणासारख्या. ह्या आता इथे मिळत नाहीत. धोबीतलावच्या दुकानदारानं मला पोलादी तारांचं पाकीट दाखवलं. म्हणाला, "हे घ्या, एकदम टिकाऊ." टिकाऊ आहेत ते मला माहीत आहे. मी पाकीट हातात घेतलं, परत ठेवलं. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक भिकारी आहे. तेही खरंच आहे, पण कारण ते नव्हतं.

आता माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी निराश होणार नाही. मी दत्तू. मूळचा मालवणकडचा. बाप गिरणीत होता. शाळेत मी आणि मास्तर दोघांनी बरेच दिवस प्रयत्न केला, मग दोघांनी नाद सोडला. लहानपणी खानावळीत रगडा फिरवला, त्यानं उजवा हात दणकट झाला आणि डोकं होतं तसंच राहिलं. बँडमध्ये माझं काम दुसऱ्या गिटारीवर ठेका धरण्याचं. धप-चक, धप-चक. मला येतात त्या पट्ट्या, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, एका हाताच्या बोटांवर मोजल्या तरी अंगठा उरतो. पण जोर असा, की पत्र्यावर गारा पडाव्यात. दिवसा मी एका फिलम स्टुडिओत वायरी ओढतो. म्हणून गावठाणात सगळ्यांचा समज, दत्तूला विजेतलं कळतं. पालखीच्या भोयाला देव कळतो म्हणण्यातला प्रकार.

खरा वाजवणारा बस्त्याव. मांडीवरची ही गिटार त्याचीच. वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा, पण बँडमध्ये वय नसतं, सगळं अरे-तुरे. तरुणपणी तो बोटीवरच्या बँडमध्ये होता. फ्रान्सात मार्सेलिस म्हणून बंदर आहे, तिथे बोट दुरुस्तीला लागली आणि हा जिप्सी लोकांत जाऊन बसला. जिप्सी म्हणजे गाड्या घेऊन हिंडणारे, आपल्याकडच्या भटक्यांसारखे. ते संध्याकाळी चारपाच जण गिटारी घेऊन बसतात आणि ढोल नाही, ताशा नाही, नुसत्या तारांवर माणसं नाचवतात. एक जण सूर घेऊन पळतो, बाकीचे ठेका धरून त्याच्यामागे धावतात. बस्त्याव ते वाजवणं शिकून आला आणि तसली गिटारही घेऊन आला.

ती आपल्या दुकानातल्या गिटारीसारखी नाही. पोट मोठं, भोक मात्र लहान, अंड्याएवढं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी चिकटवलेलीच नाही, तारांच्या दाबानं उभी राहते. वरच्या दोन तारा साध्या पोलादाच्या, बाकीच्या चार जाड तारांना आत पोलाद, वर तांब्याचा दोरा आणि त्यावर चांदीचं पाणी. बोटाला रेशमासारख्या लागतात. आवाज कोरडा, खणखणीत. पण तो आवाज फुकट मिळत नाही. उजव्या हातानं मनगट मोकळं सोडून नखी अशी मारावी लागते, की तार दचकली पाहिजे. जिप्सींचं सगळं वाजवणं त्या उजव्या हातात.

आणि बस्त्यावचा नेमका तोच हात गेला.

एकदम नाही गेला. त्या वर्षी पावसाळ्यात नखी दोनदा खाली पडली, मी हसलो. दसऱ्याच्या सुमाराला त्यानं माझ्यासमोर चहाची बशी उचलली आणि चहा सदऱ्यावर. मी म्हटलं, "आज सकाळीच लावलीस?" तो हसला नाही. म्हणाला, "डॉक्टरला दाखवलं. नसांचं आहे म्हणाला. वाढत जाणार." मग सदरा पुसत म्हणाला, "फिलूला कळता कामा नये."

फिलू त्याची मुलगी. बायको कधीच गेलेली, एकुलती एक पोर. तिचं लग्न ठरलं होतं मनोरीच्या मुलाशी, उपास लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी. बस्त्यावला मार्सेलिसमध्ये एक वॉल्ट्झ मिळाला होता, म्हणजे जोडीनं नाचायची तीन ठोक्यांची चाल, बिननावाची, संथ. फिलू लहान असताना हा तो वाजवून तिला झोपवायचा. तेव्हाच कधीतरी कबूल केलं होतं, तुझ्या लग्नात नवरीच्या नाचाला मी हाच वाजवणार. पोरीनं ते लक्षात ठेवलं, आणि तो तर त्याच्यावरच जगत होता.

"लग्नापर्यंत हात टिकला पाहिजे," तो म्हणाला. "जोर नाही राहिला. हळू वाजवलं तर थरथर कमी होते. पण हळू वाजवलं तर ऐकणार कोण? तो ढोलवाला, तो तुतारीवाला आणि तू."

"मी काय केलं?"

"तू म्हणजे रेतीचा ट्रक आहेस, दत्त्या."

तेव्हा ठरलं, की गिटारीला वीज जोडायची. हळू वाजवायचं आणि रेडिओच्या पेटीतून मोठं काढायचं. अमेरिकेत करतात म्हणे. आणि हे काम कुणाला दिलं? वायरी ओढणाऱ्याला.

ते थंडीचे दिवस मला वासावरून आठवतात. राळेचा वास, डाग द्यायच्या खिळ्यावर राळ जळते तो. रेडिओचे दिवे तापले की त्यावरची धूळ भाजते, तो वास. बस्त्यावच्या ओटीवर आम्ही बसायचो, उन्हाचा एक तुकडा लादीवरून सरकत सरकत आमच्या पायांवर यायचा, आणि आतून फिलूच्या शिवणयंत्राची खडखड. ती आपल्याच लग्नाचे कपडे शिवत होती. मधेच उठून चहा आणायची. बस्त्यावचा कप नेहमी अर्धाच भरलेला. मला वाटायचं, दूध कमी असेल.

पहिली शक्कल माझी. कुर्ल्याला भंगारात लढाईतलं सामान ढिगानं पडलेलं असे. तिथे मला विमानवाल्यांचा गळ्याला बांधायचा माईक मिळाला. बोलताना गळा थरथरतो, ती थरथर तो पकडतो. मी म्हटलं, गळ्याची पकडतो तर गिटारीच्या पोटाची का नाही पकडणार? पट्टीनं बांधला पोटाला. वायर रेडिओच्या मागे, ग्रामोफोनची जोडतात त्या भोकांत. बस्त्यावनं तार छेडली आणि रेडिओतून आवाज आला तो कुणीतरी खारे शेंगदाणे चावतंय असा. वर सगळंच ऐकू यायला लागलं. कोटाचं बटन घासलं, ऐकू आलं. मी खोकलो, ऐकू आलं. मग पेटीनं स्वतःचाच आवाज ऐकला आणि शीळ घालायला लागली. गल्लीतली कुत्री धावत आली.

फिलू दारात येऊन म्हणाली, "दत्तूकाका, बरं नाही का त्याला?"

"ठीक होईल गं. जरा सर्दी आहे."

मी गिटार उचलून कुर्ल्याला युसुफभाईकडे नेली. युसुफभाई रेडिओ दुरुस्त करायचा. दुकान एवढं अरुंद, की माणूस आडवा शिरावा लागे. त्यानं गिटारीवर टिचकी मारली आणि विचारलं, "ये बाजा है की पेशंट?"

"पेशंटच समज. याचा आवाज वाढवायचाय."

"आणि तुला वाटते, मी डॉक्टर आहे." त्यानं खणातून ग्रामोफोनच्या सुईच्या डोक्यातला एक चपटा तुकडा काढला. "ये देख. स्फटिक आहे. थरथरला की वीज सोडते. पण जपून हां. हे एक प्रकारचं मीठच असते. ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाही."

मी मनात म्हटलं, मुलुंड-भांडुपची मिठागरं बघत मोठा झालेला माणूस मी, मला मीठ शिकवतोय. घोडीशेजारी मेणानं चिकटवला तुकडा. आणि काय सांगू, छान वाजला. आवाज जरा नाकातला, पण स्वच्छ, एकेक सूर सुटा. इतका सुटा, की बस्त्यावचा हात जिथे जिथे थरथरला ते सगळं रेडिओतून बाहेर आलं. एक सूर मारायचा तिथे सूर आणि त्याच्यामागे त्याची दोन पिल्लं. तो वाजवायचा थांबला. आतलं शिवणयंत्रही थांबलेलं.

मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, ती माझी जुनी खोड. "कापरं म्हणू नको रे," मी म्हटलं. "इंग्रजीत त्याला ट्रेमोलो म्हणतात. लोक मुद्दाम करतात."

"लोक पाहिजे तेव्हा करतात," बस्त्याव म्हणाला. "हे त्याला पाहिजे तेव्हा येतं."

त्या दुपारी मी गिटार उन्हात ठेवून जेवायला गेलो. मेण वितळलं, स्फटिक मेला. युसुफभाई फक्त एवढंच म्हणाला, "बोललो होतो ना." घरी बायकोनं मेलेला तुकडा हातात घेऊन बघितला. "एक खडो मिठाचो सांभाळूक येना नाय, नि संसार सांभाळतले," म्हणाली. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

कधीकधी वाटतं, माणसाच्या वाट्याला जे दिवस धावपळीचे आणि फजितीचे येतात, तेच पुढे आठवायला उरतात. तेव्हा मी नुसता दमलेला होतो. सकाळी स्टुडिओ, दुपारनंतर ओटी, संध्याकाळी कुणाचं तरी लग्न. लग्नात बस्त्याव वाजवतोय असं दिसायचं आणि मी दुप्पट जोरानं धपधप करून त्याचं न वाजणं झाकायचो. पेरूच्या झाडाखाली, कागदी झालरींखाली, पाय सहज सरकावेत म्हणून मैदा पसरलेल्या फरशीवर लोक नाचायचे. कुणाला काही कळत नव्हतं. त्या दोन महिन्यांत मी जितकी लग्नं पार पाडली तितकी भटजीनं पाडली नसतील. आणि आज मागे बघितलं तर त्यातल्या एकाही नवरीचा चेहरा आठवत नाही. लादीवरचा उन्हाचा तुकडा आठवतो.

मग तिसरा उपाय निघाला, तो खरा. युसुफभाईनं टेलिफोनच्या जुन्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढलं, त्याच्याभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळली आणि वर सहा स्क्रू बसवले, प्रत्येक तारेखाली एक. हे गिटारीच्या भोकावर आडवं ठेवायचं. हे पोटाचं ऐकत नाही, खोकला ऐकत नाही, नुसती तार हलली की तेवढी ऐकतं. मी खूश. म्हटलं, झकास, वाट मोकळी झाली.

बस्त्यावनं वाजवलं. वरच्या दोन बारीक तारा भांडणाऱ्या बायकांसारख्या ओरडल्या. खालच्या चार जाड तारा तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. मी पेटी मोठी केली. भांडण वाढलं, पुटपुट तेवढीच.

"चुंबक लोखंडाला ओळखते," युसुफभाई म्हणाला. "तुझ्या जाड तारांवर तांबं आणि चांदी. चुंबकाला चांदीचं काय? आतली पोलादाची शीर ऐकते तेवढीच. पोलादी तारा लाव, मग बघ."

म्हणून मी धोबीतलावहून पोलादी तारा आणल्या. आणि लावताना अक्कल पाजळली. एकेक तार बदलायची सोडून सगळ्या एकदम काढल्या. घोडी तारांच्या दाबानं उभी असते हे मी वर सांगितलंच. तारा गेल्या, घोडी घसरली आणि खाटेखाली गेली. मी अंदाजानं परत उभी केली. माझा अंदाज. त्या गिटारीवर मग कुठलाही सूर कुठल्याही सुराशी बोलेना. बस्त्यावनं पुढे अख्खी सकाळ कान लावून तिला केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसवली. माझ्यावर तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "तू जरा लांब बस."

पोलादी तारांचा आवाज पेटीतून खरंच आला, सहाही सारख्या. पण त्या ताठ. काटेरी कुंपणासारख्या ताणलेल्या. दाबायला जोर, मारायला जोर. आणि जोर नाही म्हणून तर हे सगळं चाललं होतं. बस्त्यावनं वॉल्ट्झ सुरू केला, अर्ध्यावर नखी सुटली. पुन्हा सुरू केला, पुन्हा सुटली. मग त्यानं गिटार खाली ठेवली आणि उजवा हात डाव्या हातानं धरून बसला, जसं रडणारं पोर धरून बसतात. लग्न दहाबारा दिवसांवर आलं होतं.

"चुंबकाला पाहिजे त्या तारा मला झेपत नाहीत," तो म्हणाला. "मला झेपतात त्या चुंबकाला कळत नाहीत. सोड, दत्त्या. त्या पोरीला सांगून टाकू."

मी काही शोध लावला नाही, कुणी तसं समजू नये. मला हाताला चाळा लागतो. मी बसल्याबसल्या पान्यानं ते स्क्रू फिरवत होतो, एक वर आला. मी युसुफभाईला विचारलं, हा वर आला तर बिघडेल का? तो म्हणाला, "बिघडते कशाला? जवळ गेला तर जास्त ऐकेल." मग जुन्या चांदीच्या तारा परत चढवल्या, ह्या वेळी एकेक करून. जाड तारांखालचे स्क्रू उचलून अगदी तारेला शिवायच्या बेतात आणले. ओरडणाऱ्या दोघींचे खाली दाबले. बस्त्यावनं नखी नुसती टेकवल्यासारखी केली. मऊ, जाड, गरम आवाज आला, भरलेल्या घागरीवर बोट वाजवावं तसा. आणि इतकं हळू वाजवल्यावर हात शांत होता. अगदी शांत नाही. पण सूर एकटा येत होता, पिल्लं न घेता.

तो वॉल्ट्झ पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजला. आत शिवणयंत्र बंद होतं. जरा वेळानं फिलू चहा घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. मी म्हटलं, "कांदा चिरत होतीस का गं?" ती म्हणाली, "हो काका." घरात कांद्याचा वास नव्हता. तेव्हा मला त्या अर्ध्या कपाचा अर्थ लागला, चहा सांडू नये म्हणून तो अर्धा. बरेच दिवस लागला नव्हता, म्हणजे बघा माझी हुशारी.

बस्त्याव आता मनोरीलाच असतो, लेकीकडे. मी कधी रविवारी मार्व्याहून खाडीतल्या तरीनं जातो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांखालून वाकून त्याच्या ओटीवर जायचं, बसायचं. भरती आली की पाणी बोलतं तेवढं पुरतं. मागच्या खेपेला मी विचारलं, तारा संपल्या, आता कुठल्या लावू? तो म्हणाला, "तुझा हात आहे. तुझ्या हाताला विचार." माझ्या हातानं आयुष्यात कधी उत्तर दिलेलं नाही.

फिलूच्या लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळच्याच तरीनं गेलो. मनोरीला वीज नव्हती, म्हणून लाउडस्पीकरवाल्याची मोटारच्या बॅटरीवर चालणारी पेटी ठरवली होती. ती बॅटरी मी मांडीवर घेऊन बसलो होतो. तरीवर बसलेल्या कोळणी माझ्याकडे बघून हसत होत्या. एक म्हणाली, "नवरी कवळून बसल्यासारखा बसलाय." बस्त्याव नवीन सुटात होता. पोरीनं शिवलेला. त्यानं गिटार छातीशी धरली होती, पाणी उडू नये म्हणून. आम्ही दोघांनी सगळ्याचा विचार केला होता. बॅटरी भरून घेतली. जास्तीची वायर घेतली. नख्या खिशात मूठभर. स्क्रू हलू नयेत म्हणून वर लाखेचा ठिपका दिला होता.

चर्चमध्ये मिसा झाली, फोटो झाले, संध्याकाळ व्हायच्या आत मांडवात पाहुणे बसले. समुद्रावरून वारा येत होता आणि झावळ्या सळसळत होत्या. आम्ही कोपऱ्यात फळ्यांवर बसलो, नेहमीसारखे. मी पेटी लावली. बस्त्यावनं एक सूर दिला, मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. सगळं बरोबर होतं. मला वाटतं, इतकं सगळं बरोबर माझ्या आयुष्यात पुन्हा झालं नाही.

वॉल्ट्झची वेळ झाली. नवरानवरी मधे आली. बस्त्यावनं नखी धरली. आणि फिलू नवऱ्याचा हात सोडून आमच्याकडे चालत आली. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून, फळ्यांसमोर उभी राहिली.

"पप्पा, चला ना."

"कुठे?"

"पहिला नाच बापाबरोबर असतो."

मी तिच्याकडे बघितलं, मग बस्त्यावकडे. आम्ही जन्मभर लग्नांत वाजवलं होतं. शेकड्यांनी लग्नं. आणि दरवेळी त्या कोपऱ्यातून, पाहुण्यांचे पाय बघत. पाय बघितल्याशिवाय ठेका धरता येत नाही. नवरीबरोबर पहिल्यांदा नाचणारा जो काळा सूट असतो तो तिचा बाप असतो, हे आम्हाला माहीत होतं. हजारदा बघितलं होतं. पण ह्या वेळी तो काळा सूट बस्त्यावच्या अंगात आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चुंबकाचा विचार केला, चांदीचा केला, लाखेचा केला. फिलूनंही कधी काढलं नव्हतं. तिला वाटलं असणार, एवढं काय सांगायचं.

बस्त्याव गिटारीकडे बघत बसला. मला त्याचा हात दिसत होता. तारांवर टेकलेला, तयार. लोक थांबले होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. तो नाही म्हणाला असता तर फिलू हसून परत गेली असती, तिनं त्याला वाजवू दिलं असतं, हे मला आजही नक्की वाटतं. मग त्यानं पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"तू मार."

"अरे, मला सूर कुठे येतो? मी नुसता धप-चक."

"सूर फिलूला माहीत आहे," तो म्हणाला आणि खाली उतरला.

माझी वाट लागली. मी नेहमीच्या सवयीनं हात मारला. जाड तारा उचललेल्या स्क्रूंवर आपटल्या आणि पेटीतून खडाड झालं, टोप पडल्यासारखं. लोक दचकले. ती गिटार बस्त्यावच्या हातासाठी लावलेली होती. तिला जोर खपत नव्हता. मी पुन्हा मारली, हळू. पुन्हा खडाड, थोडं कमी. अजून हळू केलं. रगडा फिरवलेल्या हातानं नखी कशी टेकवायची हे मला तिथे, सगळ्या मनोरीसमोर शिकावं लागलं. मधेच सूर काढायला गेलो, तो भलत्याच पडद्यावर पडला आणि समुद्रापर्यंत ऐकू गेला. मग सूर सोडला. नुसत्या पट्ट्या धरल्या. एक जड, दोन हलक्या. एक जड, दोन हलक्या. गाण्याचा सांगाडा तेवढा.

बस्त्याव आणि फिलू त्यावर नाचत होते. तिनं त्याचा उजवा हात धरला होता. तो हात कापत होता की नाही ते मला तिथून दिसलं नाही. दोघं कुठे वळायचं ते बरोबर ठरवत होते, सूर नसलेल्या जागीही. त्यांना तो आतून ऐकू येत असणार. बाकी लोकांना मी ऐकू येत होतो, त्यांची माफी मागतो.

नाच संपला. टाळ्या झाल्या. बस्त्याव धापा टाकत फळ्यांपाशी आला.

"घोडी सरकली का रे?"

"नाही."

"मग मधे सूर कुठे गेला?"

"मी वाजवत होतो ना, म्हणून." मी गिटार पुढे केली. "हे घे. पुढचं तू वाजव. पेटी गरम आहे, हात पण बरा दिसतोय."

त्यानं गिटारीवर हात ठेवला. तारांवर नाही, वर खांद्यावर, एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. "राहू दे," म्हणाला. "मला वाढायला जायचंय."

स्वयंपाकाच्या बाजूनं फुग्यांची ताटं येत होती. त्यानं एक ताट दोन्ही हातांत घेतलं आणि ओळीतून निघाला. घरात चहाचा अर्धा कपसुद्धा चोरून उचलणारा माणूस. ताट हलत होतं. फुगे एकमेकांवर आपटत होते, एक उडून वाळूत पडला आणि लांबपर्यंत गेला. मनोरीची एक म्हातारी, नवऱ्या मुलाची आजी असावी, म्हणाली, "व्याही, ह्या वयात एवढं नाचायचं कशाला? हात बघा कसा कापतोय."

"नाचून नाही कापत, आजी," बस्त्याव म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, आजूबाजूच्यांनाही ऐकू गेलं. "असाच असतो आता."

"मग ताट दुसऱ्याकडे द्या."

"का? दुसऱ्याची पोरगी आहे का?"

म्हातारीनं दोन फुगे उचलले. तो पुढच्या माणसासमोर वाकला. मी नखी धरली आणि पुढचं गाणं सुरू केलं, बेतानं.